जुना प्रोग्राम, नवी पेटी

आपल्या अलिबागला भाडेकरू घर सोडून गेला की मागे काय उरतं? भिंतीतले खिळे. विंडोजवरच्या जुन्या प्रोग्रामांचं तसंच. इन्स्टॉल होताना चार ठिकाणी फायली ठेवतात, रजिस्ट्रीत नोंदी करतात. काढून टाकले तरी बरंच मागे राहतं.

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एमएसआयएक्स हा पॅकेजचा नवा प्रकार आणला. त्याचं पॅकेजिंग टूल जुना प्रोग्राम इन्स्टॉल होत असताना काय काय बदललं ते टिपतं आणि एका पेटीत भरतं. मूळ कोड लागत नाही. पेटीवर डिजिटल सही मात्र हवीच. आणि स्वतःचा ड्रायव्हर लागणारा प्रोग्राम तीत मावत नाही.

आता अडचण बघा. स्वतःच्याच फोल्डरात लिहिणारा जुना प्रोग्राम इथे अडतो, कारण पेटी आतून कुलूपबंद. ॲपडेटात नव्याने लिहिलेलं खासगी कप्प्यात जातं. पेटी काढली की तेही जातं. माझी वीस वर्षांची तत्त्वज्ञानाची टिपणं अशाच एका जुन्या प्रोग्रामात आहेत. मागे काही उरू नये, हे खिळ्यांना लागू, टिपणांना नव्हे. म्हणून आधी टिपणं बाहेर काढून त्यांची प्रत ठेवायची, मग प्रोग्राम हलवायचा.