राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, पण उमेदवार?

डोंबिवलीजवळचं कोपर स्टेशन दुमजली आहे. खालून कल्याणच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसई. राष्ट्रपतीची निवडणूकही तशीच. खालच्या मजल्यावर आपण आमदार-खासदार निवडतो, वरच्या मजल्यावर ते राष्ट्रपती निवडतात.

आता गंमत बघा. डोंबिवलीच्या आमदाराच्या मताचं मूल्य किती असेल? एक? छे, १७५! १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी भागायचं, मग हजाराने. डोंबिवली तेव्हापासून कुठल्या कुठे पसरली, पण आकडा तोच, कारण हिशेब १९७१ वरच थांबवून ठेवलाय. सिक्कीमच्या आमदाराचं मत ७ चं, उत्तर प्रदेशातल्याचं २०८ चं.

आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. नावापुढे पसंतीचे आकडे लिहायचे. देवनागरी १ चालतो, पण अक्षरांत ‘एक’ लिहिलं की मत बाद! २०१७ पासून पेनसुद्धा निवडणूक आयोगाचंच, जांभळ्या शाईचं.

शाईपर्यंत नियम! आणि त्या गुलाबी कागदावर पक्षाने कुणाचं नाव आणायचं, याला? अर्ज भरायला ५० सूचक, ५० अनुमोदक, १५ हजार अनामत. पक्षाने उमेदवार कसा ठरवावा, यावर राज्यघटनेत एक ओळ नाही.

मग काय होतं? जुलै १९६९, बंगळूर. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवायला काँग्रेसचं संसदीय मंडळ बसलंय. पंतप्रधान इंदिरा गांधींना जगजीवन राम हवे आहेत. मोरारजी देसाई, कामराज आणि आपले दोघे, यशवंतराव चव्हाण व स. का. पाटील, नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने. बहुमत रेड्डींचं, म्हणजे रेड्डीच अधिकृत उमेदवार. रीतसर मत घेऊन झालेला निर्णय. अन्याय कुठाय?

अन्याय नसेल, पण फट होती. मंडळातली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्यक्ष मत देणारे देशभरातले हजारो आमदार-खासदार. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! मतदान गुप्त, शिवाय इथे पक्षाचा व्हिप चालत नाही. इंदिराबाईंनी सदसद्विवेकाने मत द्या म्हणताच मतं फुटली, अपक्ष व्ही. व्ही. गिरींकडे वळली.

तिसरा मोठा उमेदवार होता आपला रायगडचा माणूस: चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्याचे. पहिल्या पसंतीची मतं, मूल्य धरून: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी ४,१८,१६९. कुणीच पोहोचलं नाही! मग मागचे उमेदवार बाद करत त्यांची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली गेली. रेड्डींना तब्बल ९१,८७९ मिळाली, गिरींना जेमतेम १८,५६२. तरी तेवढ्यावर गिरी ४,२०,०७७ ला पोहोचले आणि राष्ट्रपती झाले. नोव्हेंबरात काँग्रेसचीच दोन शकलं झाली.

मला नवल याचं वाटतं की उपाय त्याच मतपत्रिकेत आहे. पक्षाने आपल्या सगळ्या आमदार-खासदारांना आधीच, गुप्तपणे, १-२-३ लिहायला सांगावं. लिहिता येतं त्यांना! अमेरिकेतही १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री पक्षांतर्गत एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावर इतका गदारोळ झाला की पक्षाने नियमच बदलले. २०२० मध्ये अलास्का, हवाईसारख्या राज्यांत तर त्या पक्षाचे मतदार पसंतीक्रम लिहीत होते.

आपल्याकडे २००७ मध्ये काँग्रेसकडून आधी शिवराज पाटलांचं नाव आलं, डाव्यांनी ते नाकारलं, मग निघालं प्रतिभाताई पाटलांचं. दोघंही मराठी, दोघंही पाटील! शिवसेना विरोधी आघाडीत होती, तरी मराठी राष्ट्रपतीसाठी तिने प्रतिभाताईंना मतं दिली. त्यांना एकूण मिळाली ६,३८,११६, प्रतिस्पर्धी भैरोंसिंह शेखावतांना ३,३१,३०६. या दोन पाटलांत आमदारांनी आपणहून १ कुणापुढे लिहिला असता? ती मतपत्रिका कधी छापलीच गेली नाही.