सावली कुठे गेली?

आमचा नातू सहावीत आहे. ‘आजोबा, सायन्स म्हणजे नुसतं पाठांतर,’ असे तो एकदा म्हणाला, आणि मला माझीच लाज वाटली. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, हे घोकून मीही मार्क मिळविले होते. पण ते वृत्त आपल्या माळव्यातून जाते म्हणून कधी अंगणात उभा राहिलो नव्हतो.

एप्रिलच्या मध्यास त्याला घेऊन उज्जैनला गेलो. क्षिप्रेकाठची ती वेधशाळा सवाई जयसिंगांची, अठराव्या शतकातली. मोडकळीस आलेल्या या वास्तूचा माधवराव महाराज शिंदे यांनी 1923 मध्ये जीर्णोद्धार करविला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी पुढे तिचा कारभार पाहिला. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे; चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे 23 अंश 11 कला. बाजूच्या कमानीवर तिची सावली डोळ्यांदेखत सरकते.

नातवाने मनगटावरचे घड्याळ पाहिले. ‘आजोबा, हे यंत्र सत्तावीस मिनिटं मागं आहे!’

‘का बरं असेल?’

आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली, उज्जैन पावणेशहात्तरावर. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो, एवढेच मी सांगितले. पावणेसात चोक सत्तावीस, हे त्याचे त्यानेच काढले. मग परतीच्या बसमध्ये त्याने मला झोपू दिले नाही.

जूनचा पहिला आठवडा संपत आला, तेव्हा रामबागेतल्या अंगणात आम्ही ओळंबा धरून एक काठी रोवली. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा तेव्हा, आणि परतताना जुलैच्या पहिल्या आठवड्यात. बाराला सावली वीतभर होती. सव्वाबारा झाले, ती बोटभर उरली. बारा पंचवीसच्या सुमारास काठीच्या बुंध्यात नाहीशी झाली. आमच्या सौभाग्यवती पोळ्या टाकून बाहेर आल्या आणि उन्हात स्वतःची सावली शोधू लागल्या. शेजारची मुलेही जमली.

वाचकहो, जुलैत ढगांनी कृपा केली तर आपणही हे करून पाहा. एक काठी आणि ओळंबा पुरे. सूर्याकडे मात्र थेट पाहू नये. आणि मुलांना उत्तर आधी सांगू नये. मी उज्जैनला सत्तावीस मिनिटांचे कारण सांगून टाकले असते, तर त्याने तेही पाठच केले असते.