स्पेसशिपचं मॉडेल बनवायचंय? आधी टूलचं साल बघा!



ट्रॅक्टरचं बेअरिंग आणायला तुम्ही धाराशिवला किंवा उमरग्याला दुकानात गेलात, तर दुकानदार पहिला प्रश्न काय विचारतो? "ट्रॅक्टर कुठला, मॉडेल कुठल्या सालचं?" बेअरिंग कितीही नवं असू द्या, मापात बसलं नाही तर उपयोग शून्य. आजचा विषय आहे गेमसाठी स्पेसशिपची थ्रीडी मॉडेल्स बनवण्याचा. पण नियम हाच.

कळंब, परंडा, तुळजापूर, लोहारा, कुठेही बसून हे काम शिकता येतं. टूल्स बहुतेक मोफत आहेत. मग भांडवल कुठे लागतं? तुमच्या वेळेत. चुकीचं टूल धरलं की सहा महिने हातचे जातात, आणि घरचे विचारतात, "काय मिळालं रे यातून?" ती वेळ येऊ नये म्हणून हे चार मुद्दे.

१) आधी गेम ठरवा, मग टूल

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा रॉकेट बांधायचा प्रसिद्ध गेम आहे. त्याची १.१२ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि ती युनिटी २०१९.४ वर चालते. आता बाजारात युनिटी ६ आलं आहे. नवशिक्या मुलगा काय करतो? सगळ्यात नवं युनिटी उतरवतो, मॉडेल बनवतो, आणि ते गेममध्ये नीट चालतच नाही. या गेमसाठी 'अद्ययावत' म्हणजे २०१९.४ च.

दुसरं, गेम नवा आहे म्हणजे त्याला भविष्य आहे असं नाही. याच गेमचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला. म्हणून गेम निवडताना खेळणारे आज आहेत का, मॉड आज बनतायत का, हे बघा.

इथे 'जुनं ते सोनं' चालत नाही आणि 'नवं ते सोनं'ही चालत नाही. जुळतं ते सोनं!

२) ब्लेंडर घ्या, पण आवृत्ती बघून

मॉडेलिंगसाठी ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. मग महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी कशाला? त्यात व्हायरसची भीती, आणि उद्या गिऱ्हाईकाने लायसन्स विचारलं तर उत्तर नाही.

मात्र जुलै २०१९ मध्ये ब्लेंडर २.८० आलं आणि बटणांपासून आतल्या कोडपर्यंत बरंच बदललं. त्याआधीची अ‍ॅड-ऑन्स पुढे तशीच चालत नाहीत. म्हणून कुठलाही धडा बघताना आधी त्याची तारीख बघा. धड्यात जीमॅक्स किंवा मिल्कशेप शिकवत असतील, तर तो फार जुन्या काळातला आहे असं समजा.

ब्लेंडरच्या काही आवृत्त्यांवर 'एलटीएस' लिहिलेलं असतं. त्यांना दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. गिऱ्हाईकाचं काम चालू असताना अशीच आवृत्ती ठेवा. अर्ध्या कामात टूल बदलू नका.

३) शितावरून भाताची परीक्षा

पहिल्याच दिवशी मोठं जहाज बनवायला घेऊ नका. 'स्पेस इंजिनियर्स' गेममध्ये मोठ्या जहाजाचा एक ठोकळा २.५ मीटरचा असतो, छोट्या जहाजाचा ०.५ मीटरचा. त्याचं मॉडिंग किट स्टीमवर मोफत मिळतं. ब्लेंडरमध्ये २.५ मीटरचा साधा ठोकळा करा, रंग द्या, एक्स्पोर्ट करा आणि गेममध्ये उभा करून दाखवा. बस्स!

हा ठोकळा गेममध्ये दिसला, म्हणजे तुमची सगळी टूल्स एकमेकांशी जुळली. नाही दिसला, तर तुमचे दोन दिवस गेले, सहा महिने नाहीत. नक्षीकाम त्यानंतर.

४) पैसा कुठून येणार?

स्पष्ट सांगतो. बहुतेक गेमच्या अटींमध्ये मॉड विकायला मनाई असते. सिनेमातल्या जहाजाची नक्कल करून विकणं तर सरळ कॉपीराइटचा भंग. मग मॉड कशासाठी? मॉड म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी. हजारो लोक ते वापरून बघतात, आणि तुमचं काम चालतं याचा तो पुरावा असतो.

कमाई होते ती स्वतःच्या कल्पनेतून बनवलेल्या मॉडेल्सवर: युनिटी अ‍ॅसेट स्टोअर, फॅब अशा बाजारात विक्री, किंवा छोट्या गेम स्टुडिओचं ऑर्डरचं काम. त्यासाठी मूळ ब्लेंडर फाइल जपून ठेवा आणि जीएलटीएफ या खुल्या फॉरमॅटमध्येही एक प्रत काढा. २०२२ पासून त्याला आयएसओ मानकाचा दर्जा आहे. एक मॉडेल, चार बाजार.

आणि वेगळं दिसायचं असेल तर लांब जाऊ नका. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तो दगड, त्या कमानी तुमच्या अंतराळ तळाला दिल्या, तर तशी वस्तू बाजारात दुसऱ्या कुणाकडे असेल?

आजचं काम: एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा: गेमचं नाव, त्याची आवृत्ती, त्याला लागणारं इंजिन किंवा किट, त्याला चालणारं ब्लेंडर. चारही ओळी भरल्याशिवाय काहीही डाउनलोड करायचं नाही. भरल्या, की रविवारपर्यंत तो ठोकळा गेममध्ये उभा राहिला पाहिजे.

लागा कामाला!