औषध निष्प्रभ झाल्यावर

मूत्रपिंडाचा कर्करोग शरीरांत पसरल्यावर आरंभीं गुण देणारें औषध पुढें निष्प्रभ ठरतें. असें कां व्हावें? हें अर्बुद नव्या रक्तवाहिन्या निर्माण करवून आपलें पोषण साधतें. सुनिटिनिब ती वाट अडवितें. तेव्हां कित्येकदां पेशी मेट व ॲक्सल या आडवाटा धरतात. कॅबोझँटिनिब तिन्ही वाटा रोखतें. २०१५ सालच्या चांचणींत त्यानें रोग थोपविल्याचा मध्यक काळ ७.४ महिने भरला; एव्हरोलिमसचा ३.८. अमेरिकेंत या रोगासाठीं २०२३ सालीं मान्य झालेलें बेल्झुटिफान तर एचआयएफ-२ अल्फा या मूळ प्रथिनावरच घाव घालतें. यांनीं बहुधा रोग समूळ जात नाहीं, काळ मिळतो. म्हणून पुढील औषध निवडतांना लाभाइतकाच रोग्याच्या उरल्या बळाचाहि विचार व्हावा.