बेवारस ट्रकची ओळख कशी पटवावी?

राहाता परिसर उसाचा आणि पेरूचा. लोणीजवळचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. तेव्हापासून इथला ऊस, साखर, विटा, वाळू ट्रकनेही वाहिली गेली. त्या ट्रकवर आपल्याच घरांतली माणसे ड्रायव्हर, क्लीनर, हमाल म्हणून राबली. म्हणून गॅरेजमागे किंवा बांधाला गंजत पडलेला जुना ट्रक आम्हाला नुसते भंगार वाटत नाही. त्याला गॅस कटर लागण्यापूर्वी तो कोणत्या कंपनीचा, हे तरी विचारावे.

पण केबिन पाहून निर्णय देऊ नये. पूर्वी मालक बहुधा नुसती चेसिस विकत घेत आणि बॉडी गावाकडच्या सुताराकडून, मिस्त्रीकडून बांधून घेत. बॉनेटवरचे नावही फसवते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जवळपास सारख्याच बांधणीचे ट्रक डॉज, फार्गो, डिसोटो अशा वेगवेगळ्या नावांनी निघत. इंजिनाचेही तेच. पेट्रोल महाग पडू लागल्यावर अनेकांनी जुन्या गाड्यांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेतले.

जाळीवर तीन टोकांचा तारा असेल, तर तो टाटा-मर्सिडीज असण्याचा संभव मोठा. हा करार १९५४ ते १९६९ असा चालला. पुढे ताऱ्याची जागा टाटांच्या स्वतःच्या चिन्हाने घेतली. मद्रासच्या अशोक मोटर्सची १९५५ साली अशोक लेलँड झाली. तिचा 'कॉमेट' जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजून आहे.

खरा पुरावा चेसिस नंबर. तो बहुधा पुढच्या बाजूला लोखंडी पट्टीवर ठोकलेला असतो. रॉकेल लावून फडक्याने गंज पुसावा, घासकागद जोरात फिरवू नये. वर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की आकडे उमटतात. मग केबिनमधली पत्र्याची पट्टी आणि इंजिनावरची ओतीव अक्षरे ताडून पाहावीत. नंबर प्लेटवर एम पासून सुरू होणारी तीन अक्षरे असतील, तर नोंदणी १९८९ पूर्वीची. त्यानंतर एमएच १६, एमएच १७ अशी पद्धत आली.

एक गोष्ट मात्र पालकांनी मुलांना बजावून सांगावी. बेवारस दिसतो म्हणून ट्रक कोणाचाच नाही, असे नसते. भंगार वेचणारा मुलगा त्याचा एक नटबोल्ट काढतो आणि चोरीच्या आरोपात सापडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे वाहन कायमचे निकामी झाल्याची खबर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. तेव्हा नंबर टिपून घ्यावा, पोलीस ठाण्यात कळवावे, हात लावू नये.

आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला बोलावून तो ट्रक दाखवावा. चाकाचे नट आणि गिअरची दांडी पाहून तो कंपनी सांगेल. सोबत कोणी किती खेपा केल्या, कोणाची मजुरी बुडाली, तेही सांगेल. ते वहीत उतरवून ठेवावे. ट्रकच्या कागदावर मालकाचे नाव असते, राबणाऱ्याचे नसते.