मालमोटारीवरील दोन माणसें

शहरांतल्या घरांत सकाळीं दूध येतें, भाजी येते, कोपऱ्यावरच्या दुकानांत औषध मिळतें आणि गॅसची टाकी दाराशीं येऊन उभी राहते. हें सारें कोठून आलें असें मुलांस विचारलें, तर तीं दुकानाचें नांव सांगतात. रात्रभर जागून तें आणणारा मनुष्य त्यांच्याच काय, आपल्याहि हिशेबांत नसतो. आपल्या देशांत जो माल एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, त्याच्या दहा भागांपैकीं सुमारें सात भाग आज रस्त्यानें जातात. ज्यांच्या हातांवर हा एवढा व्यवहार उभा आहे, त्यांच्या चिंता कोणत्या, आणि त्या चिंतांत ते एकमेकांस कसे सांभाळून घेतात, हें आज सांगावयाचें आहे. ‘मालमोटार’ हा जुना शब्द मला प्रिय आहे. ती हांकणारा मात्र ‘गाडी’ एवढेंच म्हणतो.

प्रथम या धंद्याची मांडणी पाहूं. शेंकडों गाड्या बाळगणाऱ्या कंपन्या आहेत खऱ्या. परंतु बहुसंख्य मालक एक, दोन, फार तर पांच गाड्यांचे धनी असतात. माल व्यापाऱ्याचा, तो मिळवून देणारा दलाल निराळा, गाडी तिसऱ्याची, आणि तिच्यावर बहुधा कर्ज, चालवणारा चवथा. भाडें वरून खालीं झिरपत येतें. चालकास महिन्याचा पगार किंवा खेपेमागें ठरलेली रक्कम मिळते, आणि वाटखर्चासाठीं वेगळा भत्ता. त्यांतूनच जेवण, पंक्चर, हमालांची बक्षिसी, आणि कोठें कोणाचे हात ओले करावे लागले तर तेहि. वांचेल तें त्याचें. साहजिकच काटकसर होते ती झोपेंत आणि जेवणांत.

कायदा नव्हता असें नव्हे. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें दिवसास आठ आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, आणि सलग पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसांवा सांगितला होता. परंतु तो लागू होता पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यास. २०२५ च्या नोव्हेंबरांत नव्या कामगार संहितेनें त्या कायद्याची जागा घेतली. दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणाऱ्याचे तास मोजावयास तेव्हां कोणी नव्हता. आतां कोणी येईल असेंहि मला दिसत नाहीं.

शिवाय गाडी चालते तेवढा वेळ तरी मोजतां येतो. गाडी थांबते, तो वेळ कोणाचा? न्हावा-शेवा बंदराबाहेर किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारांत रांगेंत उभ्या असलेल्या गाड्या आपण पाहिल्या असतील. माल भरावयास उशीर, उतरावयास उशीर, शहरांत दिवसां अवजड वाहनांस बंदी. या वेळांत चालकास गाडी सोडून जातां येत नाहीं, कारण ताडपत्रीखालचा माल आणि टाकींतलें डिझेल हीं दोन्हीं त्याच्या जोखमीचीं. झाड नाहीं, नळ नाहीं, संडास नाहीं. गोदामाच्या आंतला संडास ‘बाहेरच्यांसाठीं नाहीं’. माझा एक जुना विद्यार्थी, आठवींतून शाळा सोडलेला, आज वीस-बावीस वर्षें नाशिकहून बंगळूरास कांदा नेतो व परतीस मिळेल तें आणतो. मीं त्यास विचारलें, “अरे, दमतोस केव्हां?” तो म्हणाला, “गुरुजी, चालवतांना नाहीं. उभं राहून दमतो.” १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील करनाके गेले, त्यामुळें एक मोठी रखडपट्टी संपली, हें तोहि मान्य करतो.

आतां या लोकांच्या बंधुभावाकडे वळूं. तो उपदेशानें आलेला नाहीं, अडचणींतून उगवलेला आहे. रात्रीं घाटांत गाडी बंद पडली, तर मालक तीनशें मैलांवर असतो आणि पोलिस-चौकी कोठें आहे हें ठाऊक नसतें. मागून येणारा दुसरा चालक हाच काय तो आधार. म्हणून पाना, जॅक, दोरखंड आणि पाणी हीं मागणारास नाहीं म्हणावयाचीं नाहींत, ही रीत. त्रिकोण दाखवणारी चमकती पाटी गाडींत असावी असा नियम आहे. तरी गाडी बंद पडतांच क्लीनर प्रथम धांवतो तो झाडाची फांदी तोडावयास. पानांसकट ती फांदी मागें वीस-पंचवीस पावलांवर रस्त्यांत टाकली, कीं दिव्याच्या झोतांत ती पाहणाऱ्या प्रत्येकास अर्थ कळतो, मग तो पंजाबचा असो वा तामिळनाडूचा. अरुंद रस्त्यावर पुढचा मोकळा भाग मागच्यास दिसत नाहीं, तो पुढच्यास दिसतो. तेव्हां खिडकींतून हात बाहेर काढून ‘ये पुढें’ म्हणणें हा एक शब्द न बोलतां दिलेला विश्वास आहे. त्या हातावर भरंवसा ठेवून मागचा आपला जीव पुढें घालतो.

तथापि बंधुभाव आहे म्हणून सारेच साधु आहेत असें नव्हे. बंद गाडीच्या चाकांस व भोंवतीं लावलेले दगड काम होतांच बाजूस सारावयाचे असतात. ते तसेच टाकून जाणारा त्यांच्यांतहि निंद्य ठरतो. पण टाकून जाणारे असतात, आणि त्या दगडांवर अंधारांत दुचाकीवाले आदळतात. दारूहि आहे. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतील किती मालमोटारींखालीं गेलीं याचा विचार मनांतून काढून या विषयावर बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल.

बंधुभाव आणि सुरक्षितता यांचा संबंध कळण्यासाठीं गाडीच्या केबिनमध्यें डोकवावें लागतें. उजव्या बाजूस चालक, त्यास ‘उस्ताद’ म्हणावयाचें. डाव्या बाजूस क्लीनर. लोकांस वाटतें, क्लीनर म्हणजे कांचा पुसणारा पोऱ्या. वस्तुतः तो गाडीचा डावा डोळा आहे. चालकास डावीकडची कड दिसत नाहीं. क्लीनर दारावर थाप मारून ती सांगतो. लोखंडी गजानें चाकांवर ठोके मारून आवाजावरून तो हवा ओळखतो. चढावर गाडी थांबली तर उडी टाकून चाकाखालीं ठोकळा सरकवतो. पहांटे तीन वाजतां उस्तादाचे डोळे मिटूं लागले कीं बोलत राहणें, हेंहि त्याचेंच काम. आणि हें करतांना तो शिकत असतो. फांदी कोठें टाकावी, दगड कां उचलावे, अनोळखी गाडीस पाना कां द्यावा, हें त्यास कोणी व्याख्यान देऊन सांगत नाहीं. उस्ताद करतो तें तो पाहतो.

एक उदाहरण देतों. घाट ज्या गिअरमध्यें चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. कारण खालच्या गिअरमध्यें गाडीचें यंत्रच तिला मागें धरून ठेवतें आणि ब्रेकवर भार पडत नाहीं. गिअर काढून गाडी उतारावर सोडून दिली, तर डिझेल वांचतें. पण मग सारें वजन ब्रेकवर येतें, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके वळणावर लागेनासे होतात. बोरघाटांत व खंबाटकींत अशा गाड्या पुढच्या मोटारींवर जाऊन आदळल्याच्या बातम्या आपण वाचतों आणि ‘बेफिकीर’ म्हणून मोकळे होतों. बेफिकिरी असतेच, पण वांचलेलें डिझेल ज्याच्या भत्त्यांत जमा होतें, त्याची पोटाची फिकीरहि तेथें असते. अशा वेळीं त्यास आवरणारा एकच मनुष्य असे, त्याचा उस्ताद. जुन्या रस्त्यानें बोरघाट चढतांना शिंग्रोबाच्या देवळाशीं नाणें टाकण्याची चाल आहे. इंग्रजांस घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचें तें स्थान, अशी कथा सांगतात. वाट दाखवणारासच देव मानावें, हें या धंद्याच्या स्वभावास धरूनच आहे.

सर्वांत मोठी चिंता मात्र निराळी आहे, आणि ती २०२४ च्या जानेवारींत सर्व देशास दिसली. पूर्वीच्या दंडसंहितेंत निष्काळजीपणानें मृत्यु घडवणारास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमांत, अपघातानंतर पोलिसांस किंवा दंडाधिकाऱ्यास लवकरच न कळवतां निसटणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली गेली. १ जानेवारीपासून चालकांनीं गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडी येथून निघणारे इंधनाचे टँकर थांबले, आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशीं रात्रीं सरकारनें, वाहतूकदारांच्या संघटनेशीं विचारविनिमय केल्यावांचून हें पोटकलम अंमलांत आणणार नाहीं, असें सांगितलें. १ जुलै २०२४ रोजीं संहिता लागू झाली, तेव्हां तें बाजूस ठेवण्यांत आलें.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं तेव्हां विचारलें कीं, माणूस चिरडून पळणाऱ्याची एवढी तरफदारी कशाला? ज्याच्या घरचा मनुष्य रस्त्यावर तडफडत पडला त्याचा हा प्रश्न अगदीं योग्य आहे. परंतु चालकांचें उत्तर ऐकावयास हवें. अपघात कोणाच्याहि चुकीनें होवो, जमाव मोठ्या गाडीच्या चालकास धरतो. मारतो, गाडी पेटवतो. ही कल्पित भीति नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १३४ वें कलम जखमीस वैद्याकडे नेण्याचें कर्तव्य चालकावर घालतें, आणि त्याच वाक्यांत जमावाच्या प्रक्षोभामुळें तें अशक्य असल्यास सूटहि देतें. कायदा करणारांस जमाव ठाऊक होता! माझ्या विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं, पुढच्या चौकींत जाऊन कळवावें हें त्याच्या उस्तादानें त्यास पहिल्याच वर्षीं शिकवलें होतें. मग भीति कसली? “गुरुजी, चौकीत गेल्यावर माझ्या बाजूनं बोलायला कोण असतं? मालक तर फोनच उचलत नाही.” चित्रदुर्गाजवळ एका अनोळखी चालकास अपघात झाला, तेव्हां हा आणि आणखी दोघे दीड दिवस त्याच्या मालाजवळ बसून राहिले, एकानें त्याच्या घरीं कळवलें, एक दवाखान्यांत गेला. त्यांचा स्वतःचा माल उशिरां पोंचला, आणि त्याबद्दल भाड्यांतून पैसे कापले गेले.

कांहीं सुधारणा झाल्या आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्यें वातानुकूलन सक्तीचें झालें आहे. वैशाखांत इंजिनाशेजारीं बसून ज्यानें प्रवास केला असेल त्यास हें चैनीचें वाटणार नाहीं. २०१९ सालीं मालवाहू गाडीच्या परवान्यासाठीं असलेली आठवी उत्तीर्णतेची अट सरकारनें काढून टाकली. शिक्षकाच्या तोंडीं हें शोभणार नाहीं, पण मला तें गैर वाटलें नाहीं. या धंद्याची शाळा ती नव्हतीच.

ती शाळा केबिनच्या डाव्या बाजूस होती, आणि तीच आतां ओस पडत आहे. भाडें पुरत नाहीं म्हणून मालक क्लीनर ठेवीत नाहीं. दीर्घ पल्ल्यावर दोन माणसें पाठवण्याची रीतहि विरळ होत आहे. बाजूची कड आरशांत पाहावयाची, वाट फोननें सांगावयाची, आणि पहांटे तीन वाजतां ज्याचें त्यानें जागें राहावयाचें. फोनवर चालकांचे गट आहेत. कोठें रस्ता बंद, कोठें भाडें चांगलें, कोठला व्यापारी पैसे बुडवतो, हें त्यावर क्षणांत कळतें, आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पण गिअर काढण्यासाठीं पुढें गेलेला हात फोनवरच्या मित्रास दिसत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बापानें त्यास कधीं गाडीवर घेतलें नाहीं, तो आय.टी.आय. मध्यें विजेचें काम शिकतो. डाव्या बाजूची जागा मीं पाहिली, तेव्हां तेथें पाण्याचा कॅन, स्टोव्ह आणि कांद्याची एक पिशवी होती.