योहानाची हिशेबवही

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार २९ जुलै १८९० रोजी फ्रान्समधील ऑव्हेर या खेड्यात, वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तला. हयातीत त्याची अगदी थोडी चित्रे विकली गेली. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ४०० फ्रँकला गेले, हीच काय ती ठळक विक्री. त्याचा चरितार्थ धाकटा भाऊ थिओ चालवीत असे. पॅरिसमधील चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी करणारा थिओ त्याला दरमहा १५० फ्रँक, प्रसंगी अधिकही पाठवी, आणि त्या बदल्यात व्हिन्सेंट आपली चित्रे त्याच्या स्वाधीन करी.

व्हिन्सेंटपाठोपाठ सहा महिन्यांतच, २५ जानेवारी १८९१ रोजी, थिओही गेला. मागे राहिली त्याची २८ वर्षांची पत्नी योहाना, वर्षही पुरे न झालेला मुलगा आणि बाजारात फारशी किंमत नसलेली शेकडो चित्रे. व्हॅन गॉग कुटुंबीयांनी चित्रांवरील हक्क त्या बालकाच्या नावे सोडला. योहाना त्या ठेवीची राखणदार झाली.

ती हॉलंडला परतली आणि ॲमस्टरडॅमजवळच्या बुसुम गावी तिने भाडोत्री पाहुण्यांसाठी घर चालविले. दिवसा घरकाम, रात्री व्हिन्सेंटने थिओला लिहिलेल्या पत्रांचे वाचन. सहाशेहून अधिक असलेल्या त्या पत्रांतून तिला या चित्रांमागचा माणूस उमगला. चित्रे आणि पत्रे एकत्र लोकांपुढे यावीत, हे तिने मनाशी ठरविले.

थिओने १८८९ मध्ये सुरू केलेली घरखर्चाची वही तिने पुढे १९२५ पर्यंत चालविली. घरखर्चाच्या त्याच वहीत चित्रविक्रीची रक्कमही जमा होत गेली. या काळात जवळपास दोनशे चित्रे विकली गेली. परंतु ती कधीही एकदम बाजारात आली नाहीत. प्रदर्शनास चित्रे पाठविताना विक्रीच्या चित्रांसोबत ती उत्तमोत्तम अशी विक्रीस नसलेली चित्रेही धाडी. ती पाहून रसिकांची ओढ वाढे आणि भावही टिके. १९०५ मध्ये तिने ॲमस्टरडॅमच्या श्टेडेलिक संग्रहालयातील दालने स्वतः भाड्याने घेऊन ४८० हून अधिक कलाकृतींचे प्रदर्शन भरविले. १९१४ मध्ये पत्रे तीन खंडांत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिने थिओच्या अस्थी ऑव्हेरला नेऊन भावाशेजारी विसावविल्या.

खरी कसोटी १९२४ मध्ये आली. लंडनच्या नॅशनल गॅलरीने ‘सूर्यफुले’ मागितले. तीस वर्षांहून अधिक काळ घरात नित्य डोळ्यांसमोर असलेले ते चित्र देण्यास तिने प्रथम नकार दिला. अखेर व्हिन्सेंटच्या कीर्तीसाठी हा त्याग करावा, असे ठरवून तिने संमती दिली. पैशाची निकड तेव्हा उरली नव्हती. तरीही सर्वांत प्रिय वस्तू तिने हातची सोडली.

पुढल्याच वर्षी, २ सप्टेंबर १९२५ रोजी, तिचे निधन झाले. पत्रांचा इंग्रजी अनुवाद तेव्हा अपुराच राहिला होता. मुलाने, अभियंता व्हिन्सेंट विलेम याने, उरलेला संग्रह १९६२ मध्ये एका प्रतिष्ठानाकडे सोपविला आणि १९७३ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉग संग्रहालय उघडले. चित्रे व्हिन्सेंटची, पैसा थिओचा. पण केव्हा राखावे आणि केव्हा द्यावे, हा हिशेब मात्र योहानाचा होता.